शेठ प्रेमचंद रायचंद : जमिनीचे मोल आणि काळाची मुदत

सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी समाजातील थोर पूर्वसूरींचे स्मरण करण्याची आपली परंपरा आहे. अशा स्मरणात त्यांच्या दानाचा आणि यशाचा गौरव होतो. अपयशाचा उल्लेख मात्र आपण संकोचाने टाळतो. शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या बाबतीत असे करणे म्हणजे त्यांचे अर्धेच चरित्र सांगणे होय. ज्यांच्या दानातून मुंबईचा राजाबाई टॉवर उभा राहिला, तेच प्रेमचंद शेठ १८६५ च्या आर्थिक प्रलयाच्या केंद्रस्थानी होते, आणि त्या प्रलयाचे एक मोठे कारण जमीन हेच होते.

आज समाजातील अनेक तरुण वडिलोपार्जित दुकान सांभाळता सांभाळता पहिला भूखंड, पहिला गाळा किंवा पहिली सदनिका गुंतवणूक म्हणून घेण्याच्या विचारात असतात. बाजार अस्थिर झाला, नाण्यावरचा आणि शेअरवरचा विश्वास डळमळीत झाला, की जमिनीकडे ओढा वाढतो. जमीन कुठे पळून जात नाही, ही त्यामागची श्रद्धा. ती श्रद्धा खोटी नाही. पण अपुरी आहे. ती किती अपुरी आहे, हे प्रेमचंद शेठांच्या जीवनाइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसेल.

सुरतेहून मुंबईला

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ मध्ये सुरत येथे एका ओसवाल श्वेतांबर जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद आणि आई राजाबाई. सुरतेचे व्यापारी वैभव तेव्हा ओसरले होते आणि उद्यमी कुटुंबे मुंबईची वाट धरत होती. रायचंद शेठांचे कुटुंबही त्याच ओघाने मुंबईत आले.

१८५२ च्या सुमारास, वयाची विशी नुकतीच ओलांडलेली असताना, प्रेमचंद एका दलालाच्या हाताखाली काम करू लागले. शेअरचा धंदा त्या काळी अगदी लहान होता. १८४० ते १८५० या दशकात मुंबईत शेअरचे मान्यताप्राप्त दलाल जेमतेम सहाजण होते. इंग्रजी बोलता, वाचता आणि लिहिता येणारे पहिले भारतीय शेअर दलाल म्हणून प्रेमचंद यांचे नाव घेतले जाते. भाषेच्या या ज्ञानामुळे इंग्रज पेढ्यांचे दरवाजे त्यांना खुले झाले. स्मरणशक्ती अफाट, हिशेब तोंडी आणि शब्द पक्का, अशी त्यांची ख्याती झाली. लिव्हरपूलच्या बाजारातील कापसाचे भाव इतरांआधी कळावेत म्हणून ते बंदरात शिरणाऱ्या जहाजांकडे लहान होड्या पाठवीत, असे सांगितले जाते. माहिती हेच व्यापाऱ्याचे पहिले भांडवल, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

कापसाचे सोने

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची उत्तरेच्या आरमाराने नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस जवळजवळ थांबला. गिरण्यांना कापूस हवाच होता. तो गुजरात, खानदेश, वऱ्हाड आणि धारवाडच्या शेतांतून मुंबई बंदरात येऊ लागला. भाव काही पटींनी चढले. घरातील गाद्या उसवून त्यांतला कापूस लोकांनी बाजारात आणला, अशा आठवणी त्या काळाविषयी सांगितल्या जातात. इंग्लंडमधून सोन्याचांदीचा ओघ मुंबईकडे सुरू झाला.

प्रेमचंद शेठ या व्यापाराच्या अग्रभागी होते. तिशीच्या उंबरठ्यावरील हा तरुण कापसाच्या आणि शेअरच्या बाजाराचा अनभिषिक्त राजा झाला. नवी कंपनी काढायची तर प्रेमचंद शेठांचा आशीर्वाद हवा आणि शेअर मिळवायचे तर त्यांची चिठ्ठी हवी, अशी स्थिती निर्माण झाली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हा पैसा युद्धामुळे आलेला होता. युद्ध संपेल तेव्हा तो ओघ आटणार, हे कोणालाही समजण्यासारखे होते. ते केव्हा संपेल, एवढेच कोणाला ठाऊक नव्हते. म्हणजे मुंबईची ती समृद्धी अनिश्चिततेच्या पोटी जन्मलेली होती. पण भाव चढत असताना अनिश्चितता डोळ्यांना दिसत नाही. ती भाव उतरू लागल्यावर दिसते.

समुद्रातील जमीन

आलेला पैसा कोठे गुंतवावा, हा प्रश्न होता. उत्तर डोळ्यांसमोर होते. मुंबई हे चिंचोळे बेट, आणि माणसे दररोज येऊन उतरत होती. १८६४ च्या गणनेत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. घरभाडी कडाडली. १८६२ मध्ये गव्हर्नर झालेले सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे जुने तट पाडण्याचे काम सुरू झाले आणि शहर बाहेर पसरू लागले. बेटाला जमीन कमी पडत होती; तेव्हा समुद्र बुजवून नवी जमीन करावी, हा विचार पुढे आला.

त्यात मुळीच वेडेपणा नव्हता. पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने भराव टाकून मालधक्के आणि रेल्वेसाठी जागा तयार करण्याचे काम हाती घेतले होते. पश्चिम किनाऱ्यावर बॅक बे रेक्लमेशन कंपनी निघाली आणि प्रेमचंद शेठ तिच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी होते. बॅक बेचा उथळ किनारा बुजवावा, बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेला कुलाब्याकडे जाण्यास वाट द्यावी आणि उरलेली जमीन विकून नफा मिळवावा, अशी ती योजना होती. माझगाव, कुलाबा, फ्रिअर अशा नावांच्या आणखीही जमीन कंपन्या निघाल्या. १८६५ च्या प्रारंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यांतील बहुतेकांचे नावही कोणी ऐकले नव्हते.

बॅक बे कंपनीच्या शेअरवर पाच हजार रुपये भरलेले असता बाजारात त्याचा भाव पन्नास हजारांपर्यंत गेला. जमीन अजून पाण्याखाली होती. किती भराव लागेल, त्याला किती वर्षे लागतील, भिंत लाटांपुढे टिकेल का, तयार भूखंड कोण आणि कोणत्या दराने घेईल, हे विचारणारे थोडे होते. लोक जमीन घेत नव्हते. जमिनीच्या नावाचा कागद घेत होते, आणि तोही स्वतःजवळ ठेवण्यासाठी नव्हे, तर पुढच्याला चढ्या भावाने देण्यासाठी. पुष्कळसे व्यवहार वायद्याचे होते. पैसे आज द्यावयाचे नव्हते. ठरलेल्या दिवशी फरक चुकता करावयाचा होता.

या आगीत तेल पडले ते बँकेच्या पैशाचे. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० मध्ये स्थापन झालेली प्रतिष्ठित सरकारी सहभागाची बँक. पूर्वी तिच्यावर कर्जाच्या तारणाबाबत कडक निर्बंध होते. १८६३ च्या नव्या कायद्याने ते सैल झाले आणि कंपन्यांच्या शेअरवरही कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. प्रेमचंद शेठांचे बँकेच्या कारभारावर फार मोठे वजन होते. त्यांच्या शब्दावर मोठमोठी कर्जे दिली गेली. त्यांतील बरीच त्यांना स्वतःला, त्यांच्या मित्रांना आणि त्यांच्या शिफारशीच्या लोकांना. शेअर तारण ठेवून कर्ज, त्या कर्जातून आणखी शेअर आणि ते शेअर पुन्हा तारण, असे हे चक्र होते. भाव चढता असेपर्यंत असे चक्र मोठे भक्कम दिसते.

१ जुलै १८६५

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि अमेरिकेतील युद्ध संपले. ती बातमी मुंबईत पोहोचली तेव्हा कापसाचे भाव कोसळले. मे महिन्यात पहिली मोठी पेढी बुडाली. तरीही सर्वांचे लक्ष १ जुलैकडे होते, कारण वायद्याच्या असंख्य व्यवहारांची मुदत त्या दिवशी भरत होती.

तो दिवस उजाडला आणि देणे देण्यास जवळजवळ कोणीच समर्थ नव्हते. प्रत्येकाचे येणे दुसऱ्याकडे आणि त्याचे तिसऱ्याकडे अडकलेले होते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, त्याला पुढे ८७ रुपये मिळणे कठीण झाले. बॅक बेचे शेअर मातीमोल झाले. ज्यांनी पाच हजारांचा पहिला भरणा करून स्वतःला धनवान मानले होते, त्यांच्यापुढे उरलेल्या हप्त्यांच्या मागण्या उभ्या राहिल्या. व्यापारी, कारकून, विधवा, निवृत्त अधिकारी, जुन्या घराण्यांचे वारस, असे सर्व थर त्यात सापडले.

प्रेमचंद शेठही १८६६ मध्ये कोसळले. ज्यांच्या चिठ्ठीवर लाखोंचे व्यवहार होत, त्यांना आपली मिळकत धनकोंसाठी सोडावी लागली. तेव्हा त्यांचे वय अवघे पस्तीस वर्षांचे होते. बँक ऑफ बॉम्बेचे भांडवल नष्टप्राय होऊन ती १८६८ मध्ये गुंडाळली गेली. तिच्या विनाशाच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि प्रेमचंद शेठांना त्याच्यापुढे जबानी द्यावी लागली. बँकेच्या संचालकांची बेफिकिरी, सैल झालेले नियम आणि प्रेमचंद शेठांचा कारभारावरील प्रभाव, या सर्वांची त्यात चर्चा झाली. हा डाग त्यांच्या चरित्रावर आहे आणि तो झाकून त्यांचा मोठेपणा वाढत नाही.

शहराचे काय झाले, हे लोकसंख्येचे आकडे सांगतात. १८७२ च्या गणनेत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ भरली. म्हणजे आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे घटली. १८६४ मधील तेजीच्या गर्दीवर विसंबून ज्यांनी भाड्याचे आणि जमिनीचे हिशेब मांडले होते, त्यांच्या हिशेबातली माणसेच शहर सोडून गेली होती.

राजाबाई टॉवर

या पडझडीत एक गोष्ट वाचली, ती म्हणजे आधीच देऊन टाकलेले धन. १८६४ मध्ये, वैभवाच्या शिखरावर असताना, प्रेमचंद शेठांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पाठोपाठ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. राजाबाईंची दृष्टी गेलेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम पाळता यावा म्हणून घंटांचा नाद त्यांना उपयोगी पडे, अशी कथा मुंबईत परंपरेने सांगितली जाते.

इमारतीचा आराखडा इंग्लंडचे ख्यातनाम वास्तुशिल्पी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, कधीही मुंबईस न येता, तयार केला. १८६९ मध्ये पायाभरणी झाली आणि १८७८ मध्ये २८० फूट उंचीचा मनोरा पूर्ण झाला. पायाचा दगड बसला तेव्हा दात्याची स्वतःची दौलत उरलेली नव्हती. ज्या बॅक बेच्या कागदांत त्यांचे वैभव बुडाले, त्याच किनाऱ्याकडे तोंड करून हा मनोरा उभा राहिला.

कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख रुपये दिले. त्यातून १८६६ मध्ये प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे सर आशुतोष मुखर्जी यांच्यासारखे विद्वान तिचे मानकरी ठरले. शिवचरित्र इंग्रजीत लिहिणारे इतिहासकार जदुनाथ सरकार यांनाही १८९७ मध्ये हीच शिष्यवृत्ती मिळाली होती. अहमदाबादचे शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय आणि सुरतेची मुलींची शाळा यांनाही त्यांच्या दानाचा आधार मिळाला.

पुन्हा उभारणी

दिवाळे निघाल्यावर गाव सोडणारे पुष्कळ असतात. प्रेमचंद शेठ मुंबईतच राहिले. बोलावले तेथे ते हजर झाले, विचारले त्याची उत्तरे त्यांनी दिली आणि ज्या बाजारात नाव गेले होते त्याच बाजारात पुन्हा दलाली सुरू केली. पूर्वीचे साम्राज्य परत आले नाही. पण पत हळूहळू परत आली. १८७५ मध्ये नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत त्यांचे नाव होते. आजच्या मुंबई शेअर बाजाराचे मूळ तेच. वडाच्या झाडाखाली तोंडी चालणाऱ्या व्यवहारांना नियमांची चौकट मिळाली. बेबंद सट्ट्याची किंमत ज्यांनी स्वतः मोजली, त्यांच्यापैकी एकजण त्या चौकटीच्या पायाशी होता. १९०६ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांचे निधन झाले.

ती जमीन पुढे काय झाली

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समुद्र बुजवून जमीन करण्याची कल्पना चुकीची होती काय? इतिहास सांगतो की नव्हती. एल्फिन्स्टन कंपनीची पूर्वेकडील मालमत्ता सरकारने विकत घेतली आणि तिच्या पायावर १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट उभी राहिली. किल्ल्यातील एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, याच धामधुमीच्या काळात आखले गेले. तेथे कोरड्या जमिनीवर, गरज असलेल्या कचेऱ्यांसाठी, खऱ्या इमारती बांधल्या गेल्या. त्या आजही वापरात आहेत. बॅक बे कंपनी बुडाली, तरी तिने भरलेल्या अरुंद पट्ट्यावरून रेल्वे आणि रस्ता गेला.

उरलेला बॅक बे बुजविण्याचे काम सरकारने १९२० च्या सुमारास पुन्हा हाती घेतले. तेव्हाही खर्चाचे अंदाज चुकले, मोठे वादंग माजले आणि नियोजित क्षेत्राच्या अर्ध्याहूनही कमी जमीन तयार झाली. पण जी झाली, तिच्यावर मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या पश्चिमेकडील सुंदर इमारती उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या वास्तूंना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पूर्वेला प्रेमचंद शेठांच्या दानाचा मनोरा आणि पश्चिमेला त्यांच्या स्वप्नातील जमीन, असे हे दोन्ही एकाच यादीत आले.

म्हणजे जमीन खरी होती, मागणीही खरी होती; चुकली होती ती मुदत. त्या जमिनीला सोने व्हायला सत्तर वर्षे लागली आणि प्रेमचंद शेठांच्या वायद्याची मुदत १ जुलैला भरत होती. जमिनीचा काळ आणि कर्जाचा काळ यांचा मेळ बसला नाही. योग्य जागा निवडूनही त्यांचा नाश झाला, तो याच कारणाने.

आपल्यासाठी बोध

अनिश्चित काळात जमीन घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. १८६५ नंतरच्या मंदीत, भाव उतरलेले असताना, ज्यांच्याजवळ स्वतःचे पैसे आणि थांबण्याची ताकद होती त्यांच्यासाठी तोच काळ खरेदीचा होता. म्हणून पहिली मिळकत घेणाऱ्याने भावाच्या आधी स्वतःची थांबण्याची ताकद मोजावी. भाडे वर्षभर आले नाही, धंदा सहा महिने मंदावला, तरी हप्ता कोठून भरणार, याचे उत्तर कागदावर असावे. एका मिळकतीच्या तारणावर दुसरी आणि दुसरीच्या तारणावर तिसरी घेण्याचा मोह सुरुवातीला तरी आवरावा; बँक ऑफ बॉम्बे याच मोहाने बुडाली.

दुसरे असे, की जमीन आणि जमिनीचे वचन यांत फरक करावा. जागा स्वतः पाहावी. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मालकीची साखळी, बोजा, पोहोच रस्ता आणि जमिनीचा मंजूर वापर तपासून घ्यावा. बांधकाम पूर्ण व्हावयाचे असेल तर महारेराची नोंदणी पाहावी. त्या जागेचा उपयोग आज कोण करील आणि त्यासाठी किती भाडे देईल, हे विचारावे. पुढचा गिऱ्हाईक जास्त देईल, एवढ्याच आशेवर घेतलेली वस्तू म्हणजे गुंतवणूक नव्हे, वायदा होय.

आणि तिसरी गोष्ट आपल्या परंपरेतली. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना सोन्यारुप्याच्या आणि धनधान्याच्याही आधी क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांचा निर्देश येतो. हे व्रत मिळवू नका असे सांगत नाही. मर्यादा आधी ठरवा आणि मग मिळवा, असे सांगते. भाव चढू लागल्यावर मर्यादा ठरविणे कोणालाच जमत नाही. प्रेमचंद शेठांसारख्या कुशाग्र पुरुषालाही ते जमले नाही.

त्यांच्या नावावरची सर्व जमीन गेली आणि शेअरचे कागद रद्दी झाले. आईच्या नावाने दिलेला मनोरा आणि विद्यार्थ्यांसाठी दिलेली शिष्यवृत्ती तेवढी राहिली. पहिल्या मिळकतीच्या खरेदीखतावर सही करण्यापूर्वी आपल्या तरुणांनी या चरित्राचे दोन्ही भाग, उत्कर्षाचा आणि पतनाचा, एकदा शांतपणे वाचावेत, एवढीच या निमित्ताने नम्र विनंती.